ब्रिडीचं ‘आणि’

कुलबारीत दोन माणसं रस्त्यात भेटली की आधी उन्हावर बोलतात, मग माश्यांवर, आणि दोन्हींना शिव्या घालून झाल्या की आपापल्या वाटेला लागतात. पण ब्रिडी हॅस्केट भेटली की गेलं वर्षभर सगळा गाव एकच शब्द बोलायचा. "आणि?"

बस्स, एवढंच. पेट्रोलपंपावर गाडी लावली की पंपवाला खिडकीतून डोकावून, "आणि?" बेकरीत सॉसेज रोल मागितला की काउंटरवरची बाई पिशवी अर्धी पुढे करून थांबायची, "आणि?" पाद्रीबाबासुद्धा! चर्चच्या दारात हात हातात घेऊन एवढ्या प्रेमाने म्हणाले ना, "आणि… कशी आहेस पोरी?" की मागे उभे असलेले सगळे खोकायलाच लागले.

आता हे ‘आणि’ आलं कुठून, ते आधी ऐका.

आपल्याकडे वर्षातून एकदा कुलबारी कप, घोड्यांच्या शर्यती. गवतावर वाढलेले घोडे, मातीचा ट्रॅक, पत्र्याचा बार, टोप्यांची स्पर्धा, आणि आजूबाजूच्या सगळ्या मेंढीवाड्यांवरची माणसं इस्त्री करून आलेली. आणि खांबांवर उभी असलेली ती पत्र्याची खोली, शिडी लावून चढायची, तिथून कॉमेंट्री. ती कॉमेंट्री करायचे क्लॅरी हॅस्केट, ब्रिडीचे आजोबा. लोकांना आठवतंय तेव्हापासून तेच. क्लॅरीआजोबा बोलायला लागले की बारकडे तोंड आणि ट्रॅककडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसालाही घोडे दिसायचे. मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज जो गेला तो गेलाच. आता नुसती हवा येते. सायकलच्या ट्यूबमधून सुटते ना, तशी.

पण काळजी नव्हती, ब्रिडी होती ना! ही पोरगी बोलायला शिकली तीच मुळी कॉमेंट्री करत. ताटातले वाटाणे घरंगळले की कॉमेंट्री. कोंबड्या दाण्यावर धावल्या की कॉमेंट्री. एकदा प्रार्थनेला लोक रांगेत पुढे चालले होते तर हिने तिथेही सुरू केलं, "मिसेस ओडी आतल्या बाजूने पुढे येतायत, त्यांच्या मागे गुडघेदुखीवाले काका," तेव्हा आईने असा चिमटा काढला होता की विचारू नका. तोंडाचा पट्टा म्हणजे काय, ते ब्रिडीकडून शिकावं.

तर गेल्या वर्षी पहिल्यांदाच तिच्या हातात खरा माइक आला. कपची शर्यत. सगळा गाव खाली. झेंडा पडला, घोडे सुटले, आणि ब्रिडी म्हणाली,

"आणि…"

आणि दातखीळ बसली.

घोडे पहिल्या वळणावर गेले. "आणि…" मागच्या बाजूला गेले. "आणि…" शेवटच्या वळणावरून आले, रेषा ओलांडली, जॉकी उतरले, कुणी जिंकलं ते बारमधल्या लोकांनी एकमेकांना विचारून घेतलं, आणि भोंग्यातून अजूनही आपलं, "आणि…" शेवटी खालून कुणीतरी ओरडलं, "अरे, कुणीतरी ढकलून स्टार्ट करा तिला!"

लोक हसले. तीही हसली. पण घरी गेल्यावर हसू गेलं आणि पोटातला गोळा तेवढा राहिला. मग तो कुठेही यायला लागला. फोन वाजला की गोळा. दुकानात रांगेत आपली पाळी आली की गोळा. वाटाण्यांनी कितीही शर्यत लावू दे, ब्रिडी गप्प. हे मात्र कुणाला माहीत नव्हतं. एक क्लॅरीआजोबा सोडून. समोर बसून ते स्वतःच्या ताटातले वाटाणे चमच्याने ढकलायचे, एक पुढे, एक मागे, आणि वाट बघायचे. ती खाली मान घालून सगळे खाऊन टाकायची.

मग या वर्षी कमिटीच्या अध्यक्षीण नोरीनकाकूंनी जाहीर केलं की कॉमेंट्रीला किनाऱ्यावरच्या शहरातून माणूस बोलावलाय. लॅकलन प्रीस. तिथल्या रेसकोर्सवर बोलतो, गळ्यात मोठी दुर्बीण, पायात चमकणारे बूट. ब्रिडी नोरीनकाकूंच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"काकू, कप मला द्या ना."

"तुला? आणि?"

"काकू, तुम्हीसुद्धा?"

"सवय लागली गं बाई," नोरीनकाकू म्हणाल्या आणि पाण्याची नळी बंद केली. चेहरा मात्र मऊ नव्हता. "हे बघ ब्रिडी. बाहेरगावची माणसं येतात, त्यांच्यासमोर पुन्हा तसं झालं तर मी तोंड कुठे लपवू? आधी नवख्या घोड्यांची शर्यत असते ना, ती तू बोल. शेवटपर्यंत न थांबता बोललीस, तर कप तुझा. थांबलीस, तर तो प्रीस शिडीखाली उभाच असेल. आणि मग पुढच्या वर्षी विचारायला यायचं नाही. कबूल?"

"कबूल," ब्रिडी म्हणाली. आणि तेवढं म्हणतानाही खांदे पार कानाला टेकले होते.

आता सेलाताई. दवाखान्यामागे ती खोली आहे ना, पूर्वी दातवाला बसायचा ती, तिथे दर पंधरवड्याला सेला फिफिता येते. मानसोपचारवाली. मूळची टोंगा बेटांवरची, आणि हसायला लागली की दातवाल्याची जुनी खुर्चीसुद्धा हलते. ब्रिडी तिच्याकडे जायला लागली. तिच्याकडे एक यंत्र आहे. डोक्याला चिकट लेप लावून त्यावर वायरी चिकटवायच्या, समोर पडद्यावर सिनेमा लावायचा. यंत्र डोक्यातल्या लहरी वाचतं. आत घाबरगुंडी वाढली की सिनेमा काळा पडायला लागतो आणि आवाज बारीक होतो. आतलं निवळलं की पुन्हा लख्ख. बाकी काही करायचं नाही, नुसतं बघायचं. आपोआप मेंदूला कळत जातं की असं केलं की उजेड जातो, असं केलं की येतो.

"म्हणजे मेंदूला बिस्कीट दाखवायचं," ब्रिडी म्हणाली.

"अगदी! कुत्र्याला शिकवतात तसं. फक्त इथे कुत्रा पण तू आणि बिस्कीट देणारी पण तू." सेलाताई हसली, खुर्ची हलली. मग जरा गंभीर झाली. "पण आधीच सांगते हं, ही जादू नाही. कुणाला गुण येतो, कुणाला अजिबात नाही. काही डॉक्टर म्हणतात, शांत खोलीत कुणाशीतरी बोलत बसलं तरी तेवढाच फरक पडेल. आपण करून बघू, आणि सोबत बाकीचंही बोलू. चालेल?"

"चालेल. केस निघतात का?"

"केस नाही निघत. लेप निघत नाही."

लेप खरंच निघायचा नाही. पहिल्या दिवशी ब्रिडी बाहेर आली ती कपाळावरचे केस उभे, थेट तुरेवाल्या काकाकुवासारखी, आणि पंपवाला म्हणाला, "आणि? रेडिओ स्टेशन कुठलं लागतंय?"

पण गंमत पुढे आहे. सेलाताईने विचारलं, कुठला सिनेमा लावू? बाकीचे पेशंट काय मागतात, तर समुद्रातले मासे, डोंगरावरचे ढग. आपल्या बाईंनी पिशवीतून काय काढावं? कुलबारी कपच्या जुन्या चित्रफिती! क्लॅरीआजोबांच्या कॉमेंट्रीसकट!

"अगं, ज्याची भीती वाटते तेच?" सेलाताई म्हणाली.

"माशांची शर्यत मला कधी बोलायची नाहीये, सेलाताई."

सेलाताईने फीत हातात घेतली. "बरं. पण हळूहळू जायचं."

आणि क्लॅरीआजोबांकडे गाडीची चावी होती, त्यामुळे ब्रिडीला आणायला-सोडायला तेच, आणि मग खोलीत कोपऱ्यात बसायलाही तेच. झालं! पडद्यावर झेंडा पडायचा, आजोबांचा जुना खणखणीत आवाज सुरू व्हायचा, ब्रिडीच्या पोटात गोळा, आणि दोन क्षणांत पडदा काळा.

"अरे! लाइट गेली!" आजोबा हवेच्या आवाजात ओरडायचे. "कोण पुढे आहे? ब्रिडी, कोण पुढे आहे?"

"आजोबा, तू गप बस ना! तू ओरडलास की अजून काळं होतं."

"माझा घोडा होता त्यात!"

"ही शर्यत माझ्या जन्माच्या आधीची आहे! कॉमेंट्री तूच करतोयस! कोण जिंकलं ते तुला माहीत नको?"

"मी विसरलोय. म्हणून तर बघायचंय. सोड, सोड, खांदे सोड, मला बघू दे."

आता सांगा, अशा माणसापुढे घाबरून तरी किती वेळ घाबरणार? ब्रिडीला हसू फुटायचं, खांदे उतरायचे, आवळलेले दात सुटे व्हायचे, आणि अंधारातून हळूच घोडे बाहेर यायचे. पुन्हा गोळा, पुन्हा अंधार, पुन्हा आजोबांची बोंब. सुरुवातीला अख्ख्या शर्यतीतले घोड्यांचे कान तेवढे दिसले. मग माना दिसल्या. मग एकदा पहिल्या वळणापर्यंत उजेड टिकला. आणि एके दिवशी काय झालं, पडदा काळवंडायला लागला, आणि ब्रिडीला काही करावंच लागलं नाही. उजेड कमी झाला की जीभ टाळूवरून सुटायची, खांदे आपले आपण खाली. कुणी सांगितल्यासारखे. शर्यत शेवटपर्यंत लख्ख दिसली. आजोबांचा घोडा शेवटून दुसरा आला.

"बघितलंस?" सेलाताई टाळ्या वाजवत म्हणाली.

"बघितलं," आजोबा कडवट तोंड करून म्हणाले. "न बघितलेलं बरं होतं."

त्या संध्याकाळी ताटात वाटाणे होते. आजोबांनी एक ढकलला. ब्रिडीने बघितलं आणि हळूच म्हणाली, "आतल्या बाजूने हिरवा." आजोबांनी नुसता दुसरा ढकलला.

तर आला रेसचा दिवस.

ऊन असं की पत्र्याला हात लावला तर कातडी तिथेच राहावी. ट्रॅकवर पाणी मारायचा टँकर उभा होता, पण टँकरवाल्याला टोप्यांच्या स्पर्धेत परीक्षक केलेलं, आणि तो काही निकाल लवकर लावेना. एक बाई डोक्यावर अख्खा केक घेऊन आली होती, तिच्यासमोरून तो हलतच नव्हता. ट्रॅक राहिला कोरडा ठणठणीत. हे लक्षात ठेवा.

ब्रिडी शिडी चढून वर गेली. मागून आजोबा, एकेका पायरीला थांबत, हातात काठी. मागून लॅकलन प्रीस. शिडीखाली उभं राहायचं ठरलं होतं, पण खाली ऊन होतं.

"टेन्शन घेऊ नकोस," प्रीस म्हणाला. "अडलीस की मी आहेच."

ब्रिडीने ट्रॅककडे बघितलं आणि पोटातला गोळा गळ्यापर्यंत आला. आणि तिच्या लक्षात एक भयंकर गोष्ट आली. उजेड! सगळीकडे उजेडच उजेड! सेलाताईच्या खोलीत भीती वाटली की अंधार व्हायचा, आणि अंधार झाला की अंग सैल पडायचं. इथे भीती तर वाटतेय, पण सूर्य काही कमी होत नाही! मेंदू बिचारा खुणेची वाट बघत बसलाय आणि खूण येतच नाहीये!

खाली नवखे घोडे रेषेवर यायला लागले. ब्रिडीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कोपऱ्यात खिळ्याला एक चष्मा लटकला होता. गेल्या महिन्यात छताचा पत्रा जोडायला वेल्डर आला होता ना, त्याचा. काळा मिट्ट.

हो! घातला!

आणि काय सांगू, घातल्याबरोबर जग काळवंडलं आणि खांदे धपकन खाली. जीभ सुटली, दात सुटले, पोट लोण्यासारखं मऊ. आजोबांनी काठी आपटून "काढ ते!" म्हटलं, पण हवेचा आवाज, ऐकतो कोण. झेंडा पडला.

"आणि सुटले," भोंग्यातून ब्रिडीचा आवाज आला. शांत. अति शांत. "घोडे सुटलेत. एक घोडा पुढे आहे. त्याच्या मागे… अजून एक घोडा."

खाली बारमध्ये ग्लास जागच्या जागी थांबले.

"घोडे पळतायत," ब्रिडी म्हणाली. त्या चष्म्यातून निळा काय, लाल काय, जॉकींचे सगळे शर्ट एकसारखे काळे. "सगळे घोडे पळतायत. अजूनही पळतायत. आता वळण आलंय. वळले. छान वळले. आता सरळ पळतायत."

"कोण गेलं रे?" कुणीतरी विचारलं. "श्रद्धांजली कुणाला चाललीय?"

"एक घोडा जिंकला," ब्रिडी गोड आवाजात म्हणाली. "बाकीचेही पोचले. सगळे सुखरूप आहेत."

मग खालून जे हसू उसळलं! एक माणूस तर कुंपण धरून खाली बसला. नोरीनकाकू शिडी चढून आल्या, चेहरा बीटसारखा. प्रीसने दुर्बीण पुसायला घेतली. त्याला वाटलं, आपला नंबर लागला.

"काकू," ब्रिडीने चष्मा काढला, "मी थांबले नाही."

नोरीनकाकूंनी टोपी काढून वारा घेतला. "नाही थांबलीस," त्या म्हणाल्या. नोरीनकाकूंनी एकदा शब्द दिला की दिला, मग त्यांचं स्वतःचं कितीही नुकसान होवो. "शब्द दिलाय. कप तुझा. पण ब्रिडी, मला घोड्यांची नावं ऐकायचीत गं. त्यांना नावं असतात."

त्या गेल्या आणि सेलाताई वर आली. ही एवढी मोठी टोपी घालून, टोपी आधी आली आणि ती मागून. हसून हसून डोळ्यांतलं काजळ गालावर.

"मला तो चष्मा दे," ती म्हणाली. "अगं, मी तुला झोपायला शिकवलं का? घोडे सुटल्यावर छाती धडधडलीच पाहिजे. न धडधडता कॉमेंट्री कोण ऐकणार? धडधडू दे, गोळा येऊ दे. तो आला की खाली यायची वाट तुला माहितीय, एवढंच आपण शिकलो."

"पण उजेड जात नाही ना इथे! मला कळणार कसं?"

"खांद्यांना विचार. पडद्याच्या आधी त्यांनाच कळायचं." आणि सेलाताई चष्मा टोपीत टाकून खाली गेली. म्हणजे आता चष्माही नाही.

दुपारी कप. रेषेवर पाच घोडे. ‘उद्या बघू’, पिवळा शर्ट. ‘सांगितलं होतं ना’, लाल. ‘कोरडं धरण’, निळा. ‘मावशीची पर्स’, पांढरा. आणि ‘लोळत पडू’, हिरवा, ज्याच्यावर आजोबांनी बिस्किटांचा पुडा लावला होता, कारण ते नेहमीच अशा घोड्यांवर लावतात. ब्रिडीच्या हाताला घाम, माइक माशासारखा निसटतोय. खांदे कानाला. खाली शे-दोनशे तोंडं वर बघतायत. गेल्या वर्षीचे तेच सगळे, आणि प्रत्येकाच्या ओठावर तो शब्द तयार.

झेंडा पडला.

"आणि…" ब्रिडी म्हणाली.

थांबली.

आजोबांनी काठी आपटली नाही. काही केलं नाही. त्यांनी खिशातून एक वाटाणा काढला, वाळका, कधीपासून ठेवला होता देव जाणे, आणि माइकसमोरच्या फळीवर ठेवून बोटाने ढकलला. घरंगळला.

"…आणि सुटले!" ब्रिडी म्हणाली. "‘मावशीची पर्स’ सगळ्यांत आधी निघाली, तिच्या पाठोपाठ ‘सांगितलं होतं ना’, आतून ‘कोरडं धरण’ घुसतंय, ‘उद्या बघू’ चौथा, आणि ‘लोळत पडू’ अजून विचार करतोय, पळायचं की नाही!"

खाली कुणीतरी शीळ घातली. आवाज कापत होता हं, अगदी कापत होता, छाती धाडधाड, पण शब्द येत होते, एकामागोमाग एक, लाह्या फुटाव्यात तसे. पहिलं वळण गेलं. "‘धरण’ पुढे! ‘पर्स’ मागे पडली, ‘पर्स’ उघडी पडली, ‘सांगितलं होतं ना’ बाहेरून येतोय…" आणि घोडे मागच्या बाजूला पोचले, जिथे टँकरचा एक थेंबही पडला नव्हता. वीस खुरांनी तिथली सगळी कोरडी माती उचलली. आणि नेमकी त्याच वेळी कुंपणाकडून एक वावटळ आली. असा धुरळा, असा धुरळा! लाल भिंतच उभी राहिली. सूर्य तांबडा झाला, मग तपकिरी. घोडे भिंतीत गेले आणि दिसेनासे झाले. उजेड कमी, कमी, अजून कमी.

पडदा काळा पडला.

आणि ब्रिडीचे खांदे आपले आपण खाली आले. जीभ टाळूवरून सुटली. दात सुटे झाले. श्वास असा पोटापर्यंत गेला.

"आणि…" ती म्हणाली.

आणि गप्प.

"गेली," खालून कुणीतरी म्हणालं. हळहळत, बरं का, हसत नव्हतं. नोरीनकाकूंनी डोळे मिटून घेतले.

"बोल!" प्रीस कानाशी आला. "काहीही बोल! धुळीत कुणाला काय दिसतंय? निळा पुढे सांग, मग लाल पुढे सांग, आम्ही असंच करतो! दे इकडे!" त्याने माइककडे हात घातला, आणि जागीच थिजला, कारण आजोबांच्या काठीचं टोक त्याच्या चमकणाऱ्या बुटावर होतं आणि आजोबा सगळं अंग टाकून त्या काठीवर टेकले होते. आजोबा ब्रिडीच्या खांद्यांकडे बघत होते. बाकी कुणाला कळलं नसेल, त्यांना कळलं. गेल्या वर्षीचं ‘आणि’ वेगळं होतं. हे वेगळं होतं.

"मंडळी," ब्रिडी माइकमध्ये म्हणाली, अगदी घरात बोलावं तशी. "धुरळा आहे. मला काही दिसत नाहीये. तुम्हालाही दिसत नाहीये. जे दिसत नाही ते मी सांगणार नाही. जरा खांदे खाली सोडा. दात एकमेकांवर दाबलेत ते सुटे करा. घाई नाही. आत्ता दिसेल."

आणि ऐका, अख्ख्या गावाने सोडले खांदे! म्हणजे माणूस काय करणार, भोंग्यातून कुणी सांगितलं की करतोच. केकच्या टोपीवाली, टँकरवाला, पंपवाला, पाद्रीबाबा, सगळ्यांचे खांदे एकदम खाली. बारमध्ये एवढी शांतता की माश्या ऐकू आल्या. आणि माश्यांच्या मागे, लांबून, जमिनीतून आल्यासारखे खूर. धबड, धबड, धबड.

"आणि…" ब्रिडी म्हणाली. आता ती ते ‘आणि’ ताणत होती, रबरासारखं, मुद्दाम. लोकांनी श्वास रोखले. "आणि…"

धुरळ्यातून एक नाक बाहेर आलं.

"आणि बाहेर आलं ‘कोरडं धरण’! ‘धरण’ पुढे, पण अरे, एकटंच! पाठीवर कुणी नाही! जॉकी कुठाय? जॉकी… थांबा, तो बघा, मागून चालत येतोय, पँट झटकतोय, धडधाकट आहे, आणि शिव्या घालतोय, इथून दिसतायत शिव्या! ‘सांगितलं होतं ना’ बाहेर आला, ‘उद्या बघू’ त्याच्या खांद्याला, ‘पर्स’ तिसरी, आणि हे काय, हे काय आजोबा, हिरवा! ‘लोळत पडू’ जागा झाला! ‘लोळत पडू’ बाहेरून, ‘लोळत पडू’ ‘पर्स’च्या पुढे, ‘सांगितलं होतं ना’ म्हणतोय सांगितलं होतं, ‘उद्या बघू’ म्हणतोय आजच बघू, मानेला मान, नाकाला नाक, ‘लोळत पडू’ येतोय, येतोय, येतोय, आणि… आणि… आणि ‘उद्या बघू’! ‘उद्या बघू’ने कप मारला! ‘लोळत पडू’ दुसरा, एका कानाने!"

काय ओरडले लोक! टोपीवरचा केक पडला आणि कुणी बघितलंसुद्धा नाही. प्रीस खाली बघत होता, ट्रॅकवरून अजून पाय आपटत येणाऱ्या त्या निळ्या शर्टाच्या जॉकीकडे. आणि हा निळा पुढे, निळा पुढे सांगणार होता! आजोबांनी काठी उचलली तेव्हा बुटावर गोल खड्डा पडला होता. "छान बोलली," प्रीस आपणहूनच म्हणाला, आणि बूट बघत शिडी उतरला.

आजोबांच्या डोळ्यांतून पाणी. "बिस्किटं गेली," ते हवेच्या आवाजात म्हणाले, म्हणजे लोकांना वाटावं त्यासाठीच रडतायत.

ब्रिडीने त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि हसली.

तेवढ्यात शिडी करकरली आणि नोरीनकाकू वर आल्या. टोपी वाकडी, अंगभर लाल माती, आणि चेहऱ्यावर असा भाव, की कौतुक करायचंय पण सवय नाही.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "म्हणजे, चांगलं झालं."

ब्रिडीने माइक बंद केला, फळीवर हात टेकले आणि काकूंकडे बघत राहिली. मग अगदी साळसूद तोंड करून म्हणाली,

"आणि?"

नोरीनकाकूंनी वर बघितलं, खाली बघितलं, आजोबांकडे बघितलं. "आणि काय, आणि पुढच्या वर्षी पण तूच, अजून काय! त्या प्रीसच्या बुटाचं मला बघावं लागणार, बाहेरगावचे विचारतायत ही कोण मुलगी, केक कुणी उचलायचा ते ठरत नाहीये…"

"काकू," ब्रिडी म्हणाली, "खांदे."

आणि नोरीनकाकूंनी सोडले.